किंमत उतरते, ती नेमकी कशी? अवमूल्यन, घसरण आणि घसारा यांचा आढावा

६ जून १९६६ रोजी भारत सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले. तोपर्यंत एका डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत होते, ते साडेसात रुपये पडू लागले. या एकाच निर्णयाची टक्केवारी दोन प्रकारे सांगितली जाते. काही पुस्तकांत रुपया ३६.५ टक्क्यांनी उतरला असे वाचायला मिळते, काहींत ५७.५ टक्के हा आकडा सापडतो. दोन्ही बरोबर आहेत. रुपयाच्या बाजूने पाहिले तर त्याला पूर्वी जेवढे डॉलर मिळत त्यापेक्षा ३६.५ टक्के कमी मिळू लागले, आणि डॉलरच्या बाजूने पाहिले तर तो ५७.५ टक्क्यांनी महागला.

वाचकाला मात्र वाटते की कोणीतरी चुकले आहे. किंमत उतरण्याविषयी मराठीत जे शब्द वापरले जातात, त्यांच्याभोवतीचा बराचसा गोंधळ याच जातीचा आहे. अवमूल्यन, घसरण, घट, घसारा, ऱ्हास, बट्टा हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास लिहिले जातात. अर्थशास्त्राचे शिक्षक त्यावर हरकत घेतात, वृत्तपत्रे आपल्या सवयीने चालतात, हिशेबनीस तिसरेच काही सांगतात आणि भाषेचे अभ्यासक ‘लोक वापरतात तो अर्थ’ अशी बाजू मांडतात. प्रश्न निव्वळ शुद्धलेखनाचा असता तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. पण यातला प्रत्येक शब्द किंमत का उतरली आणि ती कोणी उतरवली याविषयी वेगळे विधान करतो. त्यामुळे शब्द बदलला की जबाबदारीही हलते.

बट्ट्याचा काळ

आजचे शब्द येण्याआधी मराठी मुलखात या कामाला ‘बट्टा’ हा शब्द होता. पेशवाईत एकच एक रुपया चलनात नव्हता. पुण्याकडचा अंकुशी, चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी आणि इतर अनेक टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत. सराफ नाणे वाजवून, तोलून, कस पाहून घेई आणि ठरलेल्या रुपयाच्या मानाने जेवढे उणे भरेल तेवढा बट्टा कापून घेई. सारा एका रुपयात भरायचा आणि धान्य विकून हाती आला दुसराच रुपया, असे झाले की फरक रयतेच्या अंगावर पडे.

बंगालमध्ये तर नाण्याच्या नुसत्या वयावर बट्टा होता. सिक्का रुपयावर बादशहाच्या कारकिर्दीचे वर्ष असे. नाणे जुने झाले की चांदी तेवढीच असली तरी त्याची किंमत उतरत असे. १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीने यावर उपाय म्हणून शाह आलमच्या कारकिर्दीचे १९ वे वर्ष नाण्यावर कायमचे गोठवले. पुढे कितीही वर्षांनी पाडलेला रुपया १९ व्या वर्षाचाच दिसे, म्हणून त्याच्या वयावर बोट ठेवता येईना. आज आपण यंत्राच्या वयावर घसारा काढतो, तशीच काहीशी वागणूक त्या काळी पैशालाच मिळत होती. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या प्रदेशात एकसारखा १८० ग्रेनचा रुपया आला आणि सराफाच्या बट्ट्याचा पाया खचला.

त्यानंतरची मोठी उतरण चांदीची होती. १८७० च्या दशकात जर्मनी आणि पाठोपाठ युरोपातले इतर देश सोन्याकडे वळले आणि चांदीचे भाव कोसळले. चांदीचा रुपया त्यांच्यासोबत खाली आला. दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया १८९२-९३ पर्यंत सुमारे १ शिलिंग ३ पेन्सवर आला होता. इंग्लंडला दरवर्षी सोन्यात पाठवाव्या लागणाऱ्या रकमेसाठी हिंदुस्थान सरकारला अधिकाधिक रुपये मोजावे लागू लागले. अखेर १८९३ मध्ये सरकारने लोकांची चांदी घेऊन नाणी पाडून देणे बंद केले.

या साऱ्या इतिहासाची सर्वांत काटेकोर तपासणी एका मराठी माणसाने केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध १९२३ मध्ये लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाला. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या आपल्या पुस्तकात सुवर्ण विनिमय पद्धतीची बाजू घेतली होती. आंबेडकरांनी तिला विरोध केला. रुपयाचा पौंडाशी असलेला दर कृत्रिमपणे सांभाळला म्हणजे रुपया सांभाळला असे होत नाही, देशातल्या वस्तूंच्या मानाने त्याची क्रयशक्ती टिकते की नाही हे आधी पाहिले पाहिजे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. रुपयाची किंमत म्हणजे कशातली किंमत, हा प्रश्न त्यांनी शंभर वर्षांपूर्वी मध्यभागी आणून ठेवला. हिंदुस्थानच्या चलनाविषयी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली.

त्याच आयोगाच्या निमित्ताने रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स की १ शिलिंग ६ पेन्स असा वाद पेटला. आयोगाने वरचा दर सुचवला. सदस्य पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी भिन्नमत नोंदवले. मुंबईच्या गिरणीमालकांना आणि व्यापाऱ्यांना खालचा दर हवा होता, कारण महाग रुपयामुळे परदेशी कापड स्वस्त पडे. १९२७ च्या कायद्याने १ शिलिंग ६ पेन्सवर शिक्कामोर्तब झाले. रुपया खाली असावा अशी उघड मागणी देशी भांडवलदार करत होते, ही गोष्ट आज आठवणीत ठेवण्यासारखी आहे. कारण पुढच्या काळात रुपया उतरणे म्हणजे नामुष्की, हे समीकरण पक्के होत गेले.

अवमूल्यन: कोणीतरी केलेले

‘अवमूल्यन’ या शब्दाचा शास्त्रीय अर्थ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या व्यवस्थेत नीट बसतो. ब्रेटन वुड्स करारानुसार प्रत्येक देश आपल्या चलनाची अधिकृत किंमत सोन्यात किंवा डॉलरमध्ये जाहीर करत असे. ती बदलायची तर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी विचारविनिमय करावा लागे. अवमूल्यन म्हणजे ही जाहीर किंमत सरकारने ठरवून खाली आणणे. त्याला तारीख असे, निर्णय घेणारा असे आणि संसदेत उत्तर देणाराही असे.

सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणला. भारताने लगोलग रुपया तेवढाच, म्हणजे ३०.५ टक्के खाली आणला. पाकिस्तानने तसे केले नाही. परिणामी पाकिस्तानचा रुपया भारताच्या रुपयापेक्षा महाग झाला आणि फाळणीनंतर पाकिस्तानात राहिलेला कच्चा ताग कलकत्त्याच्या गिरण्यांना परवडेना. दोन्ही देशांतला व्यापार बराच काळ अडकून पडला. शेजाऱ्याने काय केले यावर आपल्या अवमूल्यनाचा परिणाम ठरतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

१९६६ चा प्रसंग जास्त कडवट होता. १९६५ चे युद्ध, पाठोपाठचा दुष्काळ, परदेशी मदत थांबलेली आणि ती पुन्हा सुरू करण्यासाठी जागतिक बँक व नाणेनिधी यांचा आग्रह. इंदिरा गांधींना पंतप्रधान होऊन पाच महिनेही झाले नव्हते आणि सचिंद्र चौधुरी अर्थमंत्री होते. काँग्रेस अध्यक्ष कामराज यांच्यासह पक्षातलेच अनेक जण नाराज झाले. अपेक्षित मदत पुरेशी आली नाही, १९६६-६७ चे वर्षही दुष्काळी गेले. लोकांच्या मनात अवमूल्यन आणि महागाई यांची गाठ बसली ती तेव्हा.

अर्थशास्त्रज्ञांत मात्र एकमत नाही. निर्यात वाढली नाही म्हणून प्रयोग फसला, ही एक बाजू. जगदीश भगवती आणि टी. एन. श्रीनिवासन यांनी १९७५ च्या अभ्यासात दुसरी बाजू दाखवली. अवमूल्यनासोबत सरकारने निर्यातीवरची अनुदाने काढली आणि आयातकरही कमी केले. त्यामुळे व्यापाऱ्याच्या हाती पडणारा प्रत्यक्ष फरक जाहीर आकड्यापेक्षा बराच कमी होता, आणि दुष्काळाचे खापर दराच्या माथी फोडणे बरोबर नव्हते. या मांडणीनंतर ‘जाहीर अवमूल्यन’ आणि ‘प्रत्यक्ष अवमूल्यन’ असा फरक करणे भाग झाले. मराठी लेखनात तो अजूनही फारसा उतरलेला नाही.

१९९१ मध्ये शब्दच टाळला गेला. १ जुलै आणि ३ जुलै अशा दोन पायऱ्यांत रुपया सुमारे ९ आणि ११ टक्क्यांनी खाली आणण्यात आला. डॉलर २१ रुपयांवरून २६ रुपयांच्या घरात गेला. पंतप्रधान नरसिंह राव, अर्थमंत्री मनमोहन सिंग, रिझर्व्ह बँकेत गव्हर्नर एस. वेंकिटरमणन आणि डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन. सरकारी भाषेत याला विनिमय दरातले ‘समायोजन’ म्हटले गेले. तांत्रिकदृष्ट्या त्याला आधारही होता: १९७५ पासून रुपया अनेक चलनांच्या टोपलीशी जोडलेला होता आणि रिझर्व्ह बँक दर वेळोवेळी हलवत असे. तरीही निर्णय सरकारचा होता, त्याला तारखा होत्या आणि टक्के ठरवलेले होते. वृत्तपत्रांनी अवमूल्यन लिहिले ते योग्यच होते, असे आज मागे वळून पाहताना म्हणावे लागते.

घसरण: बाजारात झालेली

मार्च १९९३ पासून रुपयाचा दर बाजारात ठरतो. शास्त्रीय अर्थ धरला तर त्यानंतर रुपयाचे एकही अवमूल्यन झालेले नाही. झाली आहे ती घसरण. तरी ‘रुपयाचे अवमूल्यन’ हा शब्दप्रयोग मथळ्यांतून, अग्रलेखांतून आणि भाषणांतून गेला नाही. इथे तीन भूमिका दिसतात.

पहिली अध्यापकांची. दोन गोष्टींची कारणे वेगळी, उपाय वेगळे, म्हणून शब्दही वेगळे हवेत. परीक्षेत ‘अवमूल्यन आणि घसरण यातील फरक स्पष्ट करा’ असा प्रश्न येतो, आणि त्याच सकाळच्या वर्तमानपत्रात विद्यार्थ्याने दोन्ही एकाच अर्थाने वाचलेले असतात. मराठी व्याकरण या भूमिकेच्या बाजूने आहे. अवमूल्यन ‘केले’ जाते, रुपया ‘घसरतो’. पहिल्या क्रियापदाला कर्ता लागतो, दुसऱ्याला लागत नाही. ‘अवमूल्यन झाले’ या रचनेत कर्ता लपतो आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो.

दुसरी भूमिका संपादकांची आणि काही भाषाभ्यासकांची. अव म्हणजे खाली, मूल्यन म्हणजे किंमत होणे. शब्दाच्या घडणीत सरकार कुठेच नाही. लोकांनी तो ‘किंमत खाली येणे’ एवढ्याच अर्थाने घेतला असेल तर पारिभाषिक कोशाने त्यांना अडवू नये. शिवाय घसरण हा शब्द एका दिवसाच्या हालचालीला शोभतो. ‘रुपया ३२ पैशांनी घसरला’ हे ठीक आहे, पण तीस वर्षांत डॉलर ३५ रुपयांच्या आसपास होता तो ९० रुपयांच्या घरात गेला, याला नुसती घसरण म्हणताना हात अडखळतो. हा मुद्दा बिनतोड नसला तरी वजनदार आहे. लांब पल्ल्याच्या उताराला मराठीत अजून सर्वमान्य शब्द नाही.

तिसरी भूमिका या दोन्हींच्या मुळावर बोट ठेवते. दर बाजारात ठरतो असे म्हणायचे, पण रिझर्व्ह बँक बाजारात डॉलर विकते आणि घेते. अवाजवी चढउतार रोखण्यासाठीच हे केले जाते, विशिष्ट पातळी राखण्यासाठी नाही, असे बँकेचे म्हणणे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये नाणेनिधीने भारतविषयक अहवालात डिसेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ या काळासाठी भारताची व्यवस्था प्रत्यक्षात ‘स्थिर राखलेली’ अशा वर्गात टाकली. भारतीय अधिकाऱ्यांनी ते मान्य केले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नाणेनिधीने तिला हळूहळू सरकत्या व्यवस्थेच्या वर्गात नेले आणि डिसेंबरच्या सुरुवातीला डॉलरने ९० रुपयांचा टप्पा ओलांडला. मध्यवर्ती बँकेने हात आखडता घेतला आणि रुपया उतरला, तर ते ‘केले’ की ‘झाले’? चीनचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. ११ ऑगस्ट २०१५ रोजी तिथल्या मध्यवर्ती बँकेने युआनचा रोजचा संदर्भ दर जवळपास दोन टक्क्यांनी खाली ठेवला. बँकेने त्याला दर ठरवण्याच्या पद्धतीतली सुधारणा म्हटले, जगभरच्या वृत्तपत्रांनी अवमूल्यन.

याच्याच पोटात तुलनेचा प्रश्न आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये डॉलर ८२ रुपयांच्या पुढे गेला तेव्हा रुपया घसरत नसून डॉलर मजबूत होत आहे, असे अर्थमंत्री निर्मला सीतारामन वॉशिंग्टनमध्ये म्हणाल्या. त्यावर बरीच टीका झाली. टीकाकारांचा मुद्दा असा की आपली तेलाची बिले डॉलरमध्ये येतात, म्हणून डॉलरशी तुलना हीच खरी तुलना. दुसऱ्या बाजूचा मुद्दाही नाकारता येत नाही. त्या वर्षी जपानी येन रुपयाहून जास्त कोसळला होता आणि येनच्या मानाने रुपया वधारला होता. रिझर्व्ह बँक ४० चलनांच्या टोपलीशी तुलना करून आणि महागाईचा फरक जमेस धरून एक निर्देशांक काढते. तो निर्देशांक आणि डॉलरचा दर अनेकदा उलट दिशांना चाललेले दिसतात. ‘रुपया घसरला’ या वाक्यात ‘कशाच्या मानाने’ हे शब्द नसले तर ते अर्धेच वाक्य आहे.

आणि घरातली किंमत? रुपयाची देशातली क्रयशक्ती कमी होते तिला चलनवाढ, भाववाढ किंवा महागाई म्हणतात. तिला कोणी अवमूल्यन म्हणत नाही, जरी आंबेडकरांच्या दृष्टीने खरा मुद्दा तोच होता. २०१६ ची नोटाबंदी हा तर तिसराच प्रकार. तिथे रुपयाची किंमत उतरली नव्हती, ठराविक नोटांची वैधता गेली होती.

घसारा: हिशेबाने वाटलेला

चलनाच्या बाजूला जेवढा गोंगाट, तेवढीच घसाऱ्याच्या बाजूला शांतता. वास्तविक रोजच्या व्यवहारात सर्वांत जास्त पैसा याच शब्दावर फिरतो. घासणे, घसरणे यांच्याशी त्याचे नाते कानालाच कळते. हिंदीने ‘मूल्यह्रास’ स्वीकारला, मराठी वाणिज्य शाखेच्या पुस्तकांनी ‘घसारा’ धरून ठेवला, आणि तो टिकला याचा आनंद वाटतो.

एका गाडीचे उदाहरण घेऊ. एका कंपनीने १० लाख रुपयांना मोटार घेतली आणि पाच वर्षे वापरली. कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे मोटारीचे आयुष्य आठ वर्षे आणि शेवटी उरणारी किंमत पाच टक्के धरली, आणि दरवर्षी सारखी रक्कम कापली, तर कंपनीच्या वहीत गाडी उरते ४,०६,२५० रुपयांची. १९६१ च्या आयकर कायद्याप्रमाणे उरलेल्या किमतीवर दरवर्षी १५ टक्के घसारा काढला तर ती उरते सुमारे ४,४३,७०० रुपयांची. मोटार विम्याच्या रूढ तक्त्यात चार ते पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरतात, म्हणजे ५ लाख. जुन्या गाड्यांच्या बाजारात गिऱ्हाईक काय देईल ते चौथेच. गाडी एक, तारीख एक, किमती चार.

यातली ‘खरी’ किंमत कोणती, हा प्रश्न हिशेबशास्त्राच्या दृष्टीने चुकीचा आहे. तिथे प्रस्थापित भूमिका अशी की घसारा म्हणजे किंमत ठरवणे नव्हे, खर्च वाटणे. गाडी पाच-आठ वर्षे उपयोगी पडणार, मग तिचा सगळा खर्च पहिल्याच वर्षी का दाखवायचा? तो उपयोगाच्या वर्षांवर पसरायचा. बाजारात गाडीचा भाव वाढला तरी घसारा थांबत नाही. याला विरोध करणारे म्हणतात की मूळ खरेदीच्या रकमेवर वाटप करत बसले तर महागाईच्या काळात नवे यंत्र घ्यायला ती रक्कम पुरत नाही. नफा फुगलेला दिसतो, तो लाभांश म्हणून वाटला जातो आणि कारखाना आतून झिजत जातो. आजच्या किमतीवर घसारा काढावा ही सूचना जुनी आहे, पण आजची किंमत कोणी ठरवायची यावर ती अडते.

दुसरा वाद रोखीचा. घसारा काढताना खिशातून काही जात नाही, म्हणून गुंतवणुकीच्या बाजारात घसाऱ्यापूर्वीचा नफा पाहण्याची पद्धत पडली आहे. अमेरिकी गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी तिच्यावर वर्षानुवर्षे टीका केली. पैसा आधीच गेलेला असतो आणि यंत्र झिजल्यावर पुन्हा जाणार असतो, हे त्यांचे म्हणणे. दूरसंचार किंवा सिमेंटसारख्या भांडवल खाणाऱ्या धंद्यांत ही टीका पटते.

कायद्यातही हा शब्द स्वस्थ बसलेला नाही. घसारा मागणे करदात्याच्या मर्जीवर आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये महेंद्र मिल्स प्रकरणात म्हटले. २००१ च्या वित्त कायद्याने तो मागितला नाही तरी धरलाच जाईल अशी तरतूद झाली. धंद्याच्या नावलौकिकाला घसारा मिळतो असे त्याच न्यायालयाने २०१२ मध्ये ठरवले, २०२१ मध्ये संसदेने ती दारे बंद केली. नावलौकिक वापराने झिजतो की वाढतो, हा प्रश्न मात्र कायदा बदलल्याने सुटला नाही. आयकर कायद्याच्या यंत्रसामग्रीच्या व्याख्येत पुस्तके येतात, जनावरे येत नाहीत. धंद्यातला बैल वर्षागणिक म्हातारा होतो, पण त्याच्यावर घसारा नाही. तो मेला किंवा कायमचा निकामी झाला की मगच त्याच्या खरेदीच्या रकमेतून विक्रीचे आलेले पैसे वजा करून उरलेली वजावट मिळते.

सामान्य माणसाची घसाऱ्याशी गाठ पडते ती दोन ठिकाणी. एक, गाडीच्या विम्यात. अपघातानंतर बंपर बदलला की दाव्याच्या कागदावर प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्यापुढे ५० टक्के घसारा लिहिलेला असतो, फायबरग्लासला ३० टक्के, काचेला शून्य. उरलेले पैसे खिशातून भरावे लागल्यावर पुढच्या वर्षी माणूस जादा हप्ता भरून ‘झिरो डेप’, म्हणजे घसारा न कापणारा विमा, घेतो. हा शब्द आता गॅरेजपासून सोसायटीच्या पार्किंगपर्यंत सगळीकडे मराठी झाला आहे. दुसरे ठिकाण घर. दादरच्या किंवा सदाशिव पेठेच्या चाळीस वर्षांच्या इमारतीतला फ्लॅट पूर्वीच्या कित्येक पट भावाने जातो, मग घसारा कुठे गेला? तो इमारतीवर आहे, जमिनीवर नाही. इमारत झिजते, जागा महागते आणि फ्लॅटच्या एका किमतीत दोन्ही मिसळून जातात. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी हा फरक नेमका पाळला आहे: इमारतीच्या मोठ्या दुरुस्ती-पुनर्बांधणीसाठीचा सिंकिंग फंड प्रत्येक गाळ्याच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी घ्यायचा, आणि त्या खर्चातून जमिनीची किंमत वगळायची. वार्षिक सभेत हा पाव टक्का वाचवण्यासाठी भांडणारे सभासद खरे तर आपल्याच डोक्यावरच्या स्लॅबचा घसारा नाकारत असतात.

जमिनीखालचा घसारा

जमिनीवर घसारा नाही, हे गृहीतक अलीकडे एका वेगळ्या बाजूने तपासले जात आहे. देशाच्या सकल उत्पन्नातून यंत्रे, रस्ते, इमारती यांची झीज वजा केली की निव्वळ उत्पन्न मिळते. खाणीतून काढलेले खनिज मात्र आजवर नुसते उत्पादन म्हणून जमेस धरले जाई. ते संपले याची वजावट होत नसे. मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने राष्ट्रीय लेख्यांची नवी पद्धत स्वीकारली. तीत नैसर्गिक साधने संपणे हा उत्पादनाचा खर्च मानून निव्वळ उत्पन्नातून वजा करायचा आहे.

गोव्यात हा वाद आधीच न्यायालयात पोहोचला होता. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लोहखनिजाच्या विक्रीतून १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा आदेश दिला. याचिका करणाऱ्या गोवा फाउंडेशन या संस्थेची मांडणी अशी की खनिज हा पिढ्यांनी वारशाने मिळालेला ठेवा आहे, त्याची विक्री हे उत्पन्न नसून मालमत्तेचे रूपांतर आहे आणि त्याची पूर्ण किंमत निधीत गेली पाहिजे. खाण उद्योगाची आणि अनेक अर्थतज्ज्ञांची बाजू वेगळी आहे: खनिज काढण्यासाठी भांडवल, श्रम, जोखीम लागते, रोजगार मिळतो, सरकारला महसूल मिळतो, सगळेच निधीत टाकले तर खाण चालवायची कोणी आणि कशाला? दहा टक्के हा आकडा या दोन टोकांमधला आहे. तो कोणत्या हिशेबाने पुरेसा ठरतो, यावर अजून मतैक्य नाही.

माणसांचे, पदव्यांचे, मूल्यांचे

शेवटचे क्षेत्र अर्थशास्त्राबाहेरचे. ‘पदव्यांचे अवमूल्यन’, ‘पुरस्कारांचे अवमूल्यन’, ‘संसदेचे अवमूल्यन’ असे प्रयोग मराठी वैचारिक लेखनात रुळले आहेत. काटेकोर लेखक यांना ढिसाळ म्हणतात. पण मराठीने हे आधीही केलेले आहे. सराफाचा बट्टा व्यवहारातून गेला आणि ‘घराण्याच्या नावाला बट्टा’ मागे राहिला. पैशाचा शब्द अब्रूकडे वळणे ही भाषेची जुनी वहिवाट आहे, तिला नाके लावण्यात अर्थ नाही.

अडचण दुसरीच आहे. मराठीत ‘मूल्य’ म्हणजे किंमतही आणि आदर्शही. त्यामुळे ‘मूल्यांचे अवमूल्यन’ हा प्रयोग झटकन पटतो आणि झटकन पोकळ होतो. पदव्यांच्या बाबतीत तरी नेमके बोलता येते. पदवीधर वाढले, नोकऱ्या तेवढ्या वाढल्या नाहीत, म्हणून पदवीचा बाजारभाव उतरला असेल तर ती घसरण आहे. परीक्षा सैल केल्या, गुण वाटले, म्हणून उतरला असेल तर ते अवमूल्यन आहे आणि ते करणारे विद्यापीठ आहे. वीस वर्षांपूर्वी शिकलेले तंत्र जुने झाले असेल तर तो घसारा, आणि त्यावर उपाय पुन्हा शिकण्याचा. तिन्ही ठिकाणी एकच शब्द लिहिला की विद्यापीठ सुटते, बाजार सुटतो आणि दोष विद्यार्थ्याच्या माथी येतो. या लेखकाला शब्दांतला फरक जपावासा वाटतो तो एवढ्यासाठी.

काही गाठी अजून सुटायच्या आहेत. मध्यवर्ती बँकेच्या मूक संमतीने उतरलेल्या चलनासाठी, ना पूर्ण ‘केलेले’ ना पूर्ण ‘झालेले’ अशा उतारासाठी, मराठीत शब्द घडायचा आहे. अर्थशास्त्रालाच ती सीमा नीट आखता आलेली नाही, तेव्हा भाषेला दोष देता येत नाही. सॉफ्टवेअर, पेटंट यांसारख्या डोळ्यांना न दिसणाऱ्या मालमत्तेची वर्षागणिक वजावट करताना घसारा म्हणावे की दुसरा शब्द आणावा, यावर पुस्तके एकमुखी नाहीत. आणि राष्ट्रीय लेख्यांची नवी पद्धत देशोदेशी लागू होत जाईल तेव्हा गोव्याच्या खाणी, विदर्भातला कोळसा, मराठवाड्यातले भूजल यांच्या खात्यावर जी वजावट येईल तिला काय म्हणायचे हे ठरवावे लागेल. ऱ्हास म्हटले तर कोणीही जबाबदार नसल्यासारखे वाटते. घसारा म्हटले तर दरवर्षी तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवण्याचे बंधन ओघाने येते, आणि ती रक्कम कोणाच्या खात्यातून काढायची हा प्रश्नही.